पितळी विजेरीत नवा एलईडी: एका टॉर्चचं सगळं प्रकरण

टॉर्च कऱ्हाडजवळच्या एका ऊसकरी घरातली. दोन जाड्या सेलची, पितळी पत्र्याची, वरून निकेलचा मुलामा, बाजूला सरकता खटका आणि पुढं जेमतेम पाच सेंटिमीटर तोंडाचा रिफ्लेक्टर. मालक आमचे दाजी. मागणी एका ओळीची: उजेड वाढवून द्या, टॉर्च मात्र हीच राहू द्या.

बल्ब काढायचा आणि एलईडी बसवायचा, एवढंच काम दिसतं. प्रत्यक्षात एलईडी निवडणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. वेळ खाल्ला तो टॉर्चच्या नळीनं. जुन्या टॉर्चमध्ये ही नळी फक्त वीज वाहून नेते. एलईडी बसवला की तिला उष्णताही वाहून न्यावी लागते, आणि या दोन वाटा एकमेकींत मिसळल्या की टॉर्च बिघडते. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण तेच.

वापर कसा आहे

शेतीपंपाला थ्री-फेज लाइट पाळीनं मिळते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना आली, तिच्यातून काही फीडर (म्हणजे वीजवाहिन्या) दिवसावर आले, पण दाजींच्या विहिरीला अजून रात्रपाळी चुकलेली नाही. मोटर चालू करायची आणि उसात दारं धरत फिरायचं. एक सरी भरली की तिचं तोंड चिखलानं बुजवायचं, पुढच्या सरीचं उघडायचं. एका हातात खोरं, दुसऱ्या हातात टॉर्च. पायाखाली पाचट. घोणस तपकिरी रंगाची, अंगावर गडद ठिपक्यांची साखळी. वाळल्या पाचटात ती हातभर अंतरावर असली तरी चटकन दिसत नाही. मण्यार तर बाहेर पडते तीच मुळी रात्री.

मी झोत किती लांब जाईल याचं सांगायला लागलो तेव्हा दाजींनी मधेच थांबवलं. “पाव्हणं, लांबचं ऱ्हाऊ द्या. आधी पायाखालचं दिसाय पायजे. आन् बांधावरनं इहिरीवरली पेटी दिसली की झालं.”

बांधापासून विहिरीवरची स्टार्टरची पेटी शंभरेक मीटर. म्हणजे झोतही हवा आणि पायाशी पसरणारा उजेडही, शिवाय लाइट जाईपर्यंत पुरेल एवढा सेल. ‘इतके हजार ल्युमेन’ (ल्युमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप) असं काही दाजींनी मागितलं नव्हतं, आणि ते बरंच झालं.

मूळ बल्ब आणि आधीचे दोन उपाय

आतला बल्ब कॉलरवाला, दोन सेलच्या टॉर्चमध्ये सर्रास असतो तसाच. या जातीच्या बल्बचं प्रमाण माप २.३८ व्होल्ट, ०.५ अँपिअर. म्हणजे सव्वा वॅटला किंचित कमी, आणि उजेड साधारण १० ल्युमेन. तोही सेल नवे असताना. टंगस्टनच्या तारेचा उजेड व्होल्टेजच्या साडेतीनाव्या घाताच्या आसपास बदलतो. व्होल्टेज पाचव्या हिश्शानं उतरलं की उजेड निम्म्याहून कमी होतो. साधे झिंक-कार्बन सेल थोड्याच वेळात तिथवर उतरतात. पिवळा पडत जाणारा उजेड आपण सगळ्यांनी पाहिलाय, त्याचं गणित हे.

दाजींनी आधी बाजारातला तयार एलईडी बल्ब आणून जुन्या बल्बच्या जागी घातला होता. भिंतीवर पाडून पाहिला तर मधे काळा डाग आणि भोवती कडं. त्या बल्बात एलईडीची चिप तारेच्या जागेपेक्षा बरीच पुढं बसवलेली होती, म्हणजे रिफ्लेक्टरच्या नाभीबाहेर (जिथून निघालेला उजेड झोतात जमतो ती जागा म्हणजे नाभी). शिवाय चिपखाली उष्णता न्यायला काहीच नाही, त्यामुळे बनवणाऱ्यानं करंट मुद्दामच कमी ठेवलेला.

दुसरा उपाय म्हणजे थेट प्लगला लावून चार्ज करायची प्लॅस्टिकची टॉर्च. आत ४ व्होल्टची छोटी लेड-ॲसिड बॅटरी. ती उतरलेल्या अवस्थेत महिना-दोन महिने पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट धरतं आणि मग ती चार्ज घेत नाही. या टॉर्चचंही तेच झालं होतं. जाता जाता सांगून ठेवतो: अशा स्वस्त टॉर्चमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, एका कपॅसिटरमधून सरळ घरातली लाइट आत घेतलेली असते. चार्जिंगला लावलेली असताना ती उघडायची नाही, तिच्या कुठल्याही धातूच्या भागाला हात लावायचा नाही.

उष्णतेचा हिशेब आधी

बल्ब गरम होतो, पण त्याची बहुतेक उष्णता अवरक्त किरणांच्या रूपानं काचेतून उजेडाबरोबरच बाहेर पडते. टॉर्चच्या अंगाला तिची झळ फारशी लागत नाही. एलईडी अवरक्त किरण टाकतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याची उष्णता चिपच्या पाठीमागून, धातूला धातू लागून, बाहेर काढावी लागते. पांढरा एलईडी नेटानं चालवला की दिलेल्या विजेचा दोन-तृतीयांश भाग उष्णतेत जातो, असं धरून चालावं. ती बाहेर गेली नाही तर चिप तापते, उजेड उतरतो, आणि पुढं चिपवरचा पिवळा थर व सिलिकॉनची घुमटी खराब होऊ लागते.

म्हणून पहिला प्रश्न ‘किती करंट द्यायचा’ हा नव्हता, ‘ही नळी किती वॅट बाहेर टाकू शकते’ हा होता. नळीचा बाहेरचा पृष्ठभाग साधारण २०० चौरस सेंटिमीटर. वाऱ्याविना, चकचकीत निकेलच्या पृष्ठभागावरून उष्णता मंदच निघते. काळा मुलामा असता तर अवरक्त किरणांवाटे थोडी जास्त गेली असती. त्यात पितळी पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा. ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता २०० च्या घरात असते, पितळेची ११० च्या आसपास, आणि पत्रा पातळ असल्यानं डोक्याकडची उष्णता शेपटापर्यंत पूर्ण पोचतच नाही. सगळा हिशेब धरून आकडा आला तो असा: दर वॅट उष्णतेमागं मानेजवळचा भाग हवेपेक्षा १२-१३ अंश वर जाणार. दोन वॅट उष्णता म्हणजे पंचवीसेक अंश. उन्हाळ्यातल्या रात्री हवा २८ ची धरली तर मान ५३-५४ वर. चटका बसत नाही, चिपलाही सहज सोसतं.

दोन वॅट उष्णता म्हणजे एलईडीला तीन-सव्वातीन वॅट. म्हणजेच करंट १ अँपिअरच्या जवळपास. एवढा हिशेब झाल्यावर ५ मिमी चौकोनी पॅकेजचे, ३ अँपिअरपर्यंत पिता येणारे एक्सएम-एल जातीचे एलईडी आपोआप बाद झाले. ते घेतले असते तरी तिसऱ्या हिश्शावरच चालवावे लागले असते, आणि चिप मोठी असल्यानं झोत उलट पसरट झाला असता. साडेतीन मिमी पॅकेजचा, छोट्या चिपचा एलईडी पुरेसा होता. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सोळा मिमीच्या धातूच्या चकतीवर आधीच बसवलेले असे एलईडी मिळतात. नुसती चिप घेऊन ती घरी तापवत बसण्यात काही शहाणपण नाही.

वीज आणि उष्णता, दोन वाटा

खटक्याच्या जुन्या पितळी टॉर्चची रचना आधी नीट समजून घ्यायला हवी. सेलचं धन टोक बल्बच्या बुडाला टेकतं. ऋण टोक शेपटाच्या स्प्रिंगमधून झाकणाला, आणि झाकणाच्या आट्यांमधून नळीला. म्हणजे आख्खी नळी कायम ऋण. बल्बाची कॉलर ज्या वाटीत बसते ती वाटी मात्र नळीपासून फायबरच्या कड्यानं अलग ठेवलेली असते. खटका पुढं सरकवला की आतली पितळी पट्टी नळी आणि वाटी यांना जोडते, मग टॉर्च लागते.

आता इथं, एलईडीची उष्णता नळीत न्यायला, ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवायचा. उष्णता नळीत जायची तर ठोकळा नळीला घट्ट चिकटला पाहिजे. पण एलईडीची किंवा ड्रायव्हरची (एलईडीचा करंट ठरवणाऱ्या छोट्या बोर्डाची) ऋण बाजू ठोकळ्यावर असेल, आणि ठोकळा नळीला चिकटला, तर खटका निरर्थक झाला. सेल घातल्या क्षणी टॉर्च लागणार, आणि सेल काढेपर्यंत विझणार नाही. उलट ठोकळा नळीपासून अलग ठेवावा तर खटका चालेल, पण उष्णता कोंडेल. धातूच्या टॉर्चमध्ये एलईडी घालताना बरेच जण इथंच अडतात, आणि मग फायबरचं कडं तसंच ठेवून करंट कमी करतात. टॉर्च चालते, पण तिच्यात आणि बाजारच्या तयार बल्बात मग फार फरक उरत नाही.

उत्तर चकतीतच असतं. एलईडीखालच्या धातूच्या चकतीवर आधी विद्युतरोधक थर असतो आणि त्यावर तांब्याच्या पट्ट्या. त्यामुळे चकतीचं बूड ना धन ना ऋण. ही गोष्ट विकत घेताना मल्टिमीटरच्या बीपवर तपासून घ्यायची: दोन्ही टोकांपैकी कुठलंही बुडाशी वाजता कामा नये. बूड मोकळं असेल तर ठोकळा खुशाल नळीला चिकटवावा, कारण त्यातून वीज जातच नाही. विजेची वाट वेगळ्या तारेनं काढायची.

ठोकळा लेथवर कातून घेतला. बाहेरचा व्यास नळीत हाताच्या दाबानं कसाबसा सरकेल एवढा, वरच्या कडेला नळीच्या तोंडावर टेकणारी बारीक ओठाळी, आणि खालून पोकळ, म्हणजे ड्रायव्हरची १७ मिमीची चकती आत बसेल. लेथवाल्याला ‘सैल नको’ एवढंच सांगून भागत नाही. नळी सोबत न्यायची आणि तिच्यातच बसवून बघायचं. जुनी नळी पूर्ण गोल नसते. आमची एका बाजूला पडून किंचित दबलेली होती, त्यामुळे ठोकळ्याभोवती हीटसिंक कंपाउंडचा हात फिरवावा लागला. हे कंपाउंड धातूच्या तुलनेत फार कमी उष्णता नेतं. त्याचं काम फक्त हवेच्या फटी भरणं. हवा त्याच्याही कित्येक पटींनी मागं. म्हणून थर पातळ हवा, लोण्यासारखा थापायचा नाही.

ड्रायव्हर साधाच घेतला, तीन एएमसी ७१३५ चिपांचा. एक चिप ३५० मिलिअँपिअर सोडते, तीन मिळून १.०५ अँपिअर. बाजारात आठ चिपांचे बोर्डही मिळतात आणि दुकानदार तेच हातात ठेवतो, पण आपला हिशेब नळीवरून ठरलेला होता. बोर्डाच्या कडेला ऋण पट्टीचं कडं असतं. ते ठोकळ्याला लागू नये म्हणून भोवती कॅप्टॉन टेपचे (उष्णता सोसणाऱ्या विद्युतरोधक पट्टीचे) दोन वेढे दिले. त्याच कड्याला सोल्डर केलेली सिलिकॉनच्या वेष्टनाची तार ठोकळ्यातल्या भोकातून काढून खटक्याच्या पितळी पट्टीला जोडली. आता वीज जाते ती सेलच्या धन टोकातून ड्रायव्हर आणि एलईडीकडे, आणि परत येते तारेतून, खटक्यातून, नळीतून, स्प्रिंगमधून. उष्णता जाते चकतीतून ठोकळ्यात आणि ठोकळ्यातून नळीत. नळी दोघींना सामाईक, पण त्यांची गाठ कुठं पडत नाही.

बल्बाला धन-ऋणाचं काही पडलेलं नसतं, एलईडीला असतं. सेल उलटा घातला तर जुनी टॉर्च लागायची. नवी लागणार नाही आणि बोर्डालाही इजा होऊ शकते. म्हणून नळीच्या आत तोंडाजवळ लाल रंगानं ‘+ पुढं’ लिहून ठेवलं.

सेल कोणता

१८६५० लिथियम-आयन हा सगळ्यांना पहिला सुचणारा सेल. १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, पूर्ण भरलेला ४.२ व्होल्ट. मी तो घेतला नाही. एक तर बाजारात ९९०० मिलिअँपिअर-अवर असले आकडे छापलेले सेल मिळतात. या आकाराचा चांगल्यातला चांगला सेल ३५०० च्या आसपास भरतो, त्यामुळे असा आकडा दिसला की तो सेल जागीच ठेवून द्यावा. दुसरं, उन्हात शेडच्या पत्र्याखाली पडून राहणाऱ्या, पाण्याचिखलात वावरणाऱ्या टॉर्चसाठी मला लिथियम आयर्न फॉस्फेट जास्त बरा वाटतो. तो तापून भडकण्याच्या बाबतीत बराच संयमी आहे.

या रसायनाचा ३२७०० हा सेल ३२ मिमी जाड, ७० मिमी लांब, ३.२ व्होल्टचा असतो आणि ६००० मिलिअँपिअर-अवरपर्यंत मिळतो. सौर पथदिव्यांच्या बॅटऱ्यांत हाच वापरतात, त्यामुळे त्या दुरुस्त करणाऱ्यांकडे सहज सापडतो. दुकानात त्याला बऱ्याचदा ३२६५० असंही म्हणतात. जाड्या सेलचा व्यास ३४ मिमी. म्हणजे श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी प्लॅस्टिकची नळी) आणि वर जाड कागदाचा एक वेढा दिला की तो नळीत बेतून दिल्यासारखा बसतो. दोन जाड्या सेलची लांबी १२३ मिमी, हा ७० चा. उरलेल्या ५३ मिमीसाठी त्याच लेथवर लाकडी गट्टू कातून घेतला आणि त्यातून आरपार पितळी बोल्ट घातला. गट्टू शेपटाकडे, म्हणजे ऋण बाजूला ठेवला. तिथं बोल्ट चुकून नळीला लागला तरी काही होत नाही, कारण दोन्ही ऋणच. पुढच्या बाजूला ठेवला असता तर तीच चूक थेट शॉर्टची झाली असती, आणि हा सेल शॉर्टमध्ये फार मोठा करंट ओकतो. सेलच्या धन टोकाभोवतीही फिश पेपरची, म्हणजे विद्युतरोधक जाड कागदाची, चकती चिकटवली.

६००० भागिले १०५०, साडेपाच तास आणि थोडं वर. रात्रपाळीतही टॉर्च काही अखंड लागलेली नसते, त्यामुळे रात्र निघते. चार्जर मात्र ३.६५ व्होल्टला थांबणारा, याच रसायनाचा हवा. लिथियम-आयनचा ४.२ व्होल्टचा चार्जर लावायचा नाही.

या सेलमुळे एक फायदा झाला आणि एक अडचण आली. फायदा असा की ड्रायव्हरमध्ये जाणारी वीज वाचली. ७१३५ चिप उरलेलं व्होल्टेज उष्णता म्हणून जाळते. भरलेल्या लिथियम-आयनवर तिला सव्वा व्होल्टच्या आसपास जाळावे लागले असते, म्हणजे सव्वा वॅटहून जास्त फुकटची उष्णता, आणि तीही त्याच ठोकळ्यात. ३.२ व्होल्टवर ती जवळजवळ नाहीच. अडचण तिथूनच सुरू झाली.

खटका

एलईडीला १ अँपिअरला साधारण ३ व्होल्ट लागतात, ड्रायव्हरच्या चिपेला ०.१२. झाले ३.१२. सेल देतो ३.२ किंवा त्याहून जरासं जास्त. उरतात फार तर ०.१ व्होल्ट, आणि त्यातून खटका, स्प्रिंग, आट्या, बोल्ट, तार सगळ्यांचा घसारा भागवायचा. म्हणजे सगळ्या वाटेचा रोध ०.१ ओहमच्या आत बसला पाहिजे.

इतका छोटा रोध साध्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर कळत नाही, कारण मीटरच्या तारांचाच रोध त्याहून जास्त असतो. करंट वाहता ठेवून दोन टोकांमधले मिलिव्होल्ट मोजायचे. १ अँपिअरला जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिओहम. शेपटाच्या झाकणापासून खटक्याच्या पट्टीपर्यंत मोजलं तर ४०० मिलिव्होल्ट गेलेले. जुन्या बल्बालाही हा मार बसतच होता, फक्त तो पिवळेपणात खपून जायचा. या अवस्थेत एलईडी लावला असता तर त्याच्या वाट्याला पुरेसे व्होल्ट आलेच नसते आणि करंट बराच खाली राहिला असता. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, एलईडीच हलका निघाला.

टप्प्याटप्प्यानं मोजत गेल्यावर चोर तीन निघाले. पहिला, शेपटाची पोलादी स्प्रिंग. पोलाद स्वतःच वाईट वाहक, त्यात तार बारीक, वेढे लांब. तिच्या पोटातून डिसोल्डरिंगची तांब्याची वेणी घालून दोन्ही टोकांना सोल्डरचा डाग दिला. स्प्रिंगला आता फक्त दाबायचं काम, वीज वेणीतून. पोलादावर सोल्डर सहजी धरत नाही, त्यामुळे टोकं आधी कानशीनं उजळून फ्लक्स लावावा लागतो. दुसरा, झाकणाच्या आट्या. त्यांत वर्षानुवर्षांचा हिरवा गंज आणि खोबरेल, कारण घट्ट झालेलं झाकण सैल करायचा घरगुती उपाय तोच. पेट्रोलच्या बोळ्यानं पुसून, पितळी ब्रशनं घासून, वर सिलिकॉन ग्रीसचं बोट.

तिसरा आणि सगळ्यात मोठा चोर म्हणजे खटक्याचा रिव्हेट. खटक्याची पट्टी नळीला एका पोकळ रिव्हेटनं धरलेली असते, आणि वीजही त्या रिव्हेटच्या दाबावरच अवलंबून. तो दाब कधीच सैलावलेला असतो. भिंगातून पाहिलं तर रिव्हेटभोवती काळं कडं होतं. तिथं ठिणग्या पडून पितळ जळतं, जळकं पितळ वीज अडवतं, अडल्यामुळे आणखी तापतं. रिव्हेट काढून नवा बसवण्यापेक्षा पट्टीच्या बुडापासून नळीच्या आतल्या अंगाला दुसरी वेणी सोल्डर केली. नळी उष्णता खेचून घेते म्हणून २५ वॅटचा सोल्डरगन तिथं दम सोडतो. ६० वॅटचा लागला. पट्टीचं जे टोक सरकून जोडतं ते बारीक पॉलिश पेपरनं उजळलं आणि चिमट्यानं किंचित वर वाकवलं, म्हणजे टेकताना जोर येतो.

सगळं मिळून मोजलं तेव्हा ६० मिलिव्होल्टच्या आत आलं. एलईडीचा करंट १ अँपिअरच्या वर जाऊन स्थिर झाला. माझ्या मते या टॉर्चचा उजेड इथं वाढला, एलईडी बसवला तेव्हा नाही.

रिफ्लेक्टर कापला

बल्बाची तार चारी बाजूंना उजेड टाकते, म्हणून रिफ्लेक्टरचा तळही कामाचा असतो. एलईडी फक्त पुढं टाकतो. त्यामुळे नाभीच्या पातळीखालचा रिफ्लेक्टर त्याला बिनकामाचा, आणि तो खुशाल कापता येतो. रिफ्लेक्टरचा आकार परवलयाचा, आणि परवलयाच्या नाभीच्या पातळीवरचं तोंड नाभीअंतराच्या (बुडापासून नाभीपर्यंतच्या अंतराच्या) चौपट रुंद असतं. या रिफ्लेक्टरचं तोंड ४८ मिमी आणि खोली २९ च्या आसपास, म्हणजे नाभीअंतर ५ मिमी आणि तिथली रुंदी २० मिमी. सोळा मिमीची चकती आरामात आत. रिफ्लेक्टर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा होता. आतून चिकटपट्टी लावून, बुडाकडून कानशीनं उतरवत आणला. त्या चकचकीत थराला बोट लागू द्यायचं नाही, पुसायला तर मुळीच जायचं नाही.

आता नाभीतून पाहिलं तर रिफ्लेक्टरची कड अक्षापासून ४५ अंशांवर येते. एलईडीच्या उजेडाची जी वाटणी असते त्यानुसार ४५ अंशांच्या आतला भाग बरोबर निम्मा. म्हणजे निम्मा उजेड रिफ्लेक्टरला न लागता सरळ पसरतो, उरलेला निम्मा झोतात जातो. जुन्या तारेच्या बाबतीत ८५ टक्के उजेड रिफ्लेक्टरवर पडायचा, म्हणून जुन्या टॉर्चचा ठिपका होता त्या मानानं लांब जायचा आणि पायाशी अंधार असायचा. दाजींची मागणी या जुन्या रिफ्लेक्टरनं आपणहून पुरी केली. झोताच्या शौकिनाला मात्र हा निम्मा उजेड वाया गेल्यासारखा वाटेल, त्याला भिंग घालावं लागेल.

चिप नाभीत आणण्यासाठी ठोकळ्यावर रिफ्लेक्टर टेकवून, भिंतीवर ठिपका बघत, कागदाच्या चकत्या एकेक करून वाढवल्या. अर्ध्या मिमीनं फरक पडतो. रिफ्लेक्टरची कड चकतीवरच्या सोल्डरला टेकत नाही ना, तेवढं बघायचं. टेकली तर शॉर्ट.

रंगाबद्दल थोडक्यात. पांढरा एलईडी म्हणजे निळी चिप आणि तिच्यावर पिवळा फॉस्फर. त्या निळ्या चिपेसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. फॉस्फर स्वस्तातला असला की उजेडात लाल भाग कमी पडतो आणि तपकिरी, करडा, तांबडा हे सगळे रंग एकसारखे मळके दिसतात. केल्विनचा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर, आणि सीआरआय म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचे शंभरपैकी गुण. ६५०० केल्विनचा, ७० सीआरआयचा एलईडी ल्युमेनमध्ये पुढं असतो, पण पाचटावरची घोणस ओळखायला नेमका तोच नको. ४००० केल्विन, सीआरआय ९० च्या वरचा घेतला. उजेड थोडा कमी मिळाला, तीनशेच्या आत-बाहेर ल्युमेन. दाजींना सुरुवातीला तो ‘पिवळसर’ वाटला. पाचटाच्या ढिगावर दोन्ही एलईडी शेजारी शेजारी पाडून दाखवल्यावर बोलणं मिटलं.

मोजमाप

पाच मीटरवर लक्समीटर धरून झोताच्या मध्यावर सुमारे ३०० लक्स (त्या जागी पडणाऱ्या उजेडाचं माप). अंतराच्या वर्गानं गुणलं की ७५०० कँडेला, हे झोताच्या जोराचं माप. टॉर्चसाठी २००९ साली ठरलेल्या एफएल-१ मानकानुसार झोताचं अंतर म्हणजे जिथं उजेड पाव लक्सवर येतो तिथपर्यंतचं; कँडेलाच्या वर्गमुळाची दुप्पट केली की ते मिळतं. इथं १७० मीटरच्या वर. पाव लक्स म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड, त्यात आकृती दिसते, पेटीवरचा दिवा लाल आहे की हिरवा ते त्याच्या स्वतःच्या उजेडानं कळतं. शंभर मीटरवर पेटी स्पष्ट दिसते. नव्या सेलवर जुना बल्ब त्याच ठिकाणी वीसेक लक्स देत होता, म्हणजे मानकाच्या भाषेत ४५ मीटर.

टेबलावर, हात न लावता, पंखा बंद ठेवून अर्धा तास चालवल्यावर मान ५२ अंशांवर थांबली, हवा २८ ची होती. हातात धरली की तळवाच उष्णता ओढून घेतो आणि ती आणखी खाली राहते. पावसाचं मात्र पक्कं काही करता आलं नाही. आट्यांना ग्रीस आहे, काचेखाली रबराची रिंग घातली, पण खटक्याच्या खाचेतून पाणी जाणारच. खाचेवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलाय, आणि टॉर्च पाटात पडली तर लगेच सेल काढून उन्हात उघडी ठेवायची असं सांगितलंय.

पैशाच्या बाजूनं पाहिलं तर लेथ, सेल, चार्जर आणि आपला वेळ धरून नवी चांगली टॉर्च घेणं सरस ठरतं. जुनी धातूची टॉर्च घरात असेल, ती टाकवत नसेल, आणि तिचा एकेक भाग पुढंही बदलता यावा असं वाटत असेल, तरच यात पडावं.

हे बघून शेजारच्यांनी आपली प्लॅस्टिकची दोन सेलची टॉर्च आणून दिली, ‘हिलाबी तसंच करा’ म्हणून. तसंच होत नाही. प्लॅस्टिकची उष्णतावाहकता ०.२ च्या आसपास, पितळेच्या पाचशेव्या हिश्शाएवढी. आत कितीही मोठा ठोकळा घातला तरी उष्णता त्या ठोकळ्यातच साठत राहणार. तिच्यात एकच ७१३५ चिप लावली, ३५० मिलिअँपिअर. एलईडीला १ वॅट मिळतो, उजेड शंभरेक ल्युमेन, आणि ठोकळ्याचं टोक काचेजवळ उघड्यावर आणल्यामुळे तेवढी उष्णता कशीबशी निघते. जुन्या बल्बाच्या दसपट उजेड त्यातही मिळतो, आणि तोच सेल तिप्पट वेळ चालतो.